दाबा, धरा, सोडा

शनिवारची दुपार आमच्या घरात गाडीची असे. अप्पा, म्हणजे माझे वडील, आठवडाभर एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात टोकदार पेन्सिलीने रेघा मारत. शनिवारी अर्ध्या दिवसाने घरी येत, दोन ताटल्या वरणफळं ओरपत, पट्ट्यांचा लेंगा आणि विरलेला बनियन चढवत आणि खाली जात. नारायण पेठेतली आमची इमारत नवी होती, तळमजल्यावर गाड्या ठेवायला जागा होती आणि त्या जागेत मोटार अशी एकट्या आमचीच होती. पांढरी, चौथ्या मालकाच्या हाताखाली आलेली. अप्पा जुनी वर्तमानपत्रं पसरायचे, त्यांवर नट खोलायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे, चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट करायचे आणि मगच गाडीला हात लावायचे. पहिल्या मजल्यावरचे काका जाता-येता हमखास विचारायचे, "काय, गाडी दुरुस्त करताय?" अप्पा मान वर न करता म्हणायचे, "छे, मुंज लावतोय तिची. जेवायला या." काका पुढच्या शनिवारी पुन्हा विचारायचे. दोघांचंही यात काही अडत नसे.

या उद्योगात अप्पांना खरं तर दादा हवा होता. पण माझा थोरला भाऊ पुस्तकातला किडा. त्याला तेराचा पाना मागितला तर तो हातात येईल तो पाना देऊन परत वाचायला बसायचा. त्याची जागा मी पटकावली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि गाडीखालून बाहेर येणाऱ्या अप्पांच्या पंजावर त्यांनी न मागताच योग्य पाना ठेवता येणं ही माझी त्या वयातली सगळ्यात मोठी मिरवण्यासारखी गोष्ट होती. अप्पा कौतुक करत नसत. काम बिनबोभाट झालं की ते माझ्याकडे बघून नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"साठी मी मैत्रिणींबरोबरचे सिनेमे सोडले आहेत.

अशा घरात शालनवहिनी आली. दादा लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला जायचा, तिथेच त्याने तिला पाहिलं आणि घरी येऊन सांगून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच. वहिनीचे वडील शेतकरी, ऊस आणि भाजीपाला, दारात ट्रॅक्टर. आमच्याकडे कोणी आरडाओरडा केला नाही. आमच्याकडे आरडाओरडा करतच नाहीत. आईने रीतीप्रमाणे सगळं केलं आणि अप्पा वहिनीशी इतक्या अदबीने वागू लागले की त्या अदबीत तिला पाय ठेवायला जागा उरली नाही. तिच्याशी ते थेट बोलत नसत. ती समोर बसलेली असताना दादाला म्हणायचे, "त्यांना विचार, आमटी आणखी हवी का." आमची आमटी गुळाची. वहिनी ती मुकाट्याने खायची आणि मग ताटाच्या कडेला लसूण-मिरचीचा ठेचा घ्यायची, तो तिने स्वतःच्या हाताने वाटून एका बरणीत ठेवलेला असे. तो वास घरभर पसरला की मी नाक मुरडायची. ती सावकाश, शब्द निवडून, आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची आणि मध्येच एखादं "हाय" निसटलं की मी आणि आई एकमेकींकडे बघायचो. आता या वयात ते आठवलं की माझे कान गरम होतात. पण लिहायला बसलेच आहे तर तेवढं लिहिलंच पाहिजे.

त्या पावसाळ्यानंतर गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढायला लागली, आणि चार किलोमीटर चालवली तरी पुढचं डावं चाक हाताला चटका देण्याइतकं तापायचं. अप्पांनी निदान केलं की कॅलिपर जाम झालाय. ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला दोन बाजूंनी चिमटीत धरून थांबवणारा जो ठोकळा, तो कॅलिपर. ब्रेकवर पाय दिला की नळ्यांतलं तेल त्याच्यातला दट्ट्या पुढे ढकलतं. आमचा दट्ट्या पुढे जायचा आणि मागे यायला विसरायचा. यापूर्वीच्या गाडीला असली भानगड नव्हती, त्यामुळे अप्पांनीही कॅलिपर आयुष्यात पहिल्यांदाच उघडला. पण ते ड्राफ्ट्समन होते. दोन्ही बाजूंचे काढताना त्यांनी कानशीने डाव्यावर एक बारीक रेघ ओढली, उजव्यावर दोन. मग आतली रबरं बदलली, दट्टे घासून लख्ख केले आणि ते दोन्ही ठोकळे माझ्या हवाली करून म्हणाले, "बाहेरून नीट पुसून ठेव. उद्या बसवू."

मी पुसले. आणि मग मला अवदसा आठवली. खिडक्यांच्या गजांना दिलेला चंदेरी रंग अर्धा डबा उरला होता. मला वाटलं, एवढं काम केलंय तर ते दिसायलाही पाहिजे. मी गच्चीत बसून दोन्ही कॅलिपरांना रंगाचे दोन जाड हात दिले. निपल, म्हणजे हवा काढायची ती टोपणासारखी तोटी, कागद गुंडाळून जपली. ते इतके सुंदर दिसायला लागले की मी वाळेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसले. वाळल्यावर लक्षात आलं की अप्पांच्या रेघा रंगाखाली बुजून गेल्या आहेत. मी उन्हात धरून पाहिलं, नखाने चाचपून पाहिलं. काही कळेना. संध्याकाळी अप्पा आले की सांगायचं, तर ते काय म्हणतील ते मला पाठ होतं. तेव्हा मी अंदाज केला. दोन चिठ्ठ्या लिहिल्या, "डावा" आणि "उजवा", आणि दोऱ्याने बांधून टाकल्या. दुसऱ्या दिवशी अप्पांनी त्या चिठ्ठ्या पाहिल्या, रंग पाहिला, आणि चक्क म्हणाले, "शाबास. काम असं करावं." आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली शाबासकी मी परत कशी करणार होते? आणि दोन्ही ठोकळे सारखेच तर दिसत होते. इकडचा तिकडे गेला तरी काय बिघडणार, असं मी मनाला सांगितलं. ते दोन्हीकडे बसलेही निमूटपणे.

शनिवारी हवा काढायचं काम. नळ्या सुटल्या की तेलात हवा शिरते, आणि हवा दाबली जाते म्हणून ब्रेक लागत नाही, पाय नुसता खाली जातो. ती हवा बाहेर काढायला दोन माणसं लागतात. मी गाडीत, पाय ब्रेकवर. अप्पा चाकापाशी, निपलला सलाईनची नळी लावून तिचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत सोडलेलं. ते म्हणायचे, "दाब. दाब. दाब. धर." मी धरायची. ते निपल सैल करायचे, बाटलीत बुडबुडे यायचे, निपल बंद व्हायचं, मग "सोड". पहिल्या दहा-बारा वेळांना भरपूर बुडबुडे आले, मग नुसतं तेल येऊ लागलं. तरी माझा पाय काही घट्ट लागेना. अप्पांनी दुसऱ्या बाजूला तेच केलं, पुन्हा पहिलीकडे आले. तासभर आमचं "दाब, धर, सोड" त्या बोळभर ऐकू जात होतं. वहिनी चहा घेऊन खाली आली ती कप हातात धरून बाजूला उभी राहिली आणि ऐकत राहिली. मग तिने पायरीवर वाचत बसलेल्या दादाला हळूच काहीतरी विचारलं. दादा म्हणाला, "अप्पा, ही विचारतेय, निपल वरच्या अंगाला आहे ना?" अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांना सांग, निपल जिथे कंपनीने दिलंय तिथेच आहे. कंपनीला आपण पत्र लिहू." मी गाडीत बसून हसले. मला फार बरं वाटलं होतं. पान्यांच्या त्या ओळीपाशी ही बाई उभीच राहू नये असं मला वाटत होतं, हे तेव्हा मला कळत नव्हतं, आता कळतं.

दुसऱ्या दिवशी भोरला मावशीच्या घराची वास्तुशांत होती. सकाळी सातला आम्ही पाचही जण नटूनथटून खाली. अप्पांनी गाडी बोळाच्या टोकापर्यंत नेऊन आणली होती आणि जाहीर केलं होतं की दोनदा दाबला की ब्रेक लागतो, नवी रबरं आहेत, चार दिवसांत बसतील. भोरला जायचं म्हणजे कात्रजचा घाट चढायचा आणि पलीकडे उतरायचा. तेव्हा तो जुनाच रस्ता होता, वळणावळणाचा, समोरून मालाचे ट्रक. वहिनी डबे ठेवायला आधी खाली आली होती. चालकाचं दार उघडं होतं. तिने चप्पल काढली, हिरव्या रेशमी लुगड्याच्या निऱ्या एका हाताने धरल्या आणि अनवाणी पाय आत घालून ब्रेक दाबला. एकदाच. मग तिने पाय काढला, चप्पल घातली आणि गाडीपासून चार पावलं मागे जाऊन उभी राहिली.

आम्ही बसलो. आई म्हणाली, अगं ये, मुहूर्त चुकेल. वहिनी आली नाही. दादा उतरून तिच्याशी कुजबुजला, परत आला आणि खाली मान घालून म्हणाला की ती ब्रेकबद्दल म्हणतेय. अप्पांनी काच खाली केली आणि दादाला म्हणाले, "त्यांना सांग, ट्रॅक्टर वेगळा आणि मोटार वेगळी." मला अजून तिचा चेहरा दिसतो. लग्नाला सहा महिने झालेले, समोर सासरचं सगळं माणूस, वर गॅलरीत पहिल्या मजल्यावरचे काका कठड्याला टेकून उभे. पण ती या वेळी दादाकडे बघून बोलली नाही. सरळ अप्पांकडे बघून बोलली, आणि सहा महिने जपून वापरलेली आमची भाषा तिने बाजूला ठेवली.

"अप्पा, मी बसायची न्हाई. आन् तुमास्नी पन जाऊ द्यायची न्हाई. यात हवा हाय अजून. घाटात दोनदा दाबायला टाइम गावंल का तुमाला?"

आमच्या घरात अप्पांना "जाऊ देणार नाही" असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आईने तर डोळेच मिटून घेतले. वहिनी पुढे झाली आणि गाडीच्या नाकासमोर उभी राहिली. हात पदरात गुंडाळून घेतले होते. अप्पांनी गाडी बंद केली. खाली उतरले. तिच्यासमोर आले आणि म्हणाले, "दाखवा."

तिने पदर खोचला, सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवलं, विजेरी मागून घेतली आणि त्या लुगड्यानिशी फरशीवर गुडघे टेकून चाकामागे डोकं घातलं. मग अप्पांना जागा करून दिली. तेही वाकले. ती पुन्हा सावकाश, आमच्यासारखं बोलायला लागली होती. म्हणाली, आमच्या विहिरीच्या पंपात हवा धरली की सगळ्यात वरचा नट सैल करतात, कारण हवा वर जाऊन बसते. इथे निपल खालच्या अंगाला आहे. खालून कितीही काढलं तरी नुसतं तेल येणार, हवा वर तशीच. म्हणजे डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसलाय. तेवढ्यात तिने ओल्या जागेवरून फडकं फिरवलं. ब्रेकचं तेल रंग खातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रात्रभर तेल पाझरलं होतं तिथला माझा चंदेरी रंग पापुद्र्यासारखा निघून आला, आणि त्याखाली, डाव्या चाकाच्या कॅलिपरवर, कानशीच्या दोन स्वच्छ रेघा दिसल्या.

अप्पांनी त्या रेघांवरून अंगठा फिरवला. उभे राहिले. गुडघ्यांवरची धूळ झटकली. मला वाटलं, आता माझं नाव निघणार. पण ते आईकडे, दादाकडे आणि शेवटी वहिनीकडे बघून म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुम्हा सगळ्यांना घाटात घेऊन चाललो होतो." मी अप्पांच्या तोंडून "चूक माझी" हे शब्द तोवर कधीच ऐकले नव्हते. आणि ती त्यांची नव्हतीच. एकीने सगळ्यांसमोर खरं बोलून दाखवलं होतं, दुसऱ्याने सगळ्यांसमोर न केलेली चूक अंगावर घेतली होती, आणि मी मागच्या सीटवर नवी साडी सावरत बसले होते. मला माझी इतकी शरम वाटली की मी दार उघडून बाहेर आले आणि रंग, बुजलेल्या रेघा, चिठ्ठ्या, सगळं एका दमात सांगून टाकलं. बोलता बोलता रडायला लागले. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "चिठ्ठ्या तू लावल्यास. पण स्वतःच्या रेघा शोधायच्या सोडून चिठ्ठी वाचून काम केलं ते मी. आता रडू आवर आणि जॅक आण."

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर पुरवून पुरवून आठवत आले आहे. दोन्ही कॅलिपर उतरले, बाजू बदलून बसले. ब्रेकच्या तेलाच्या डब्यात उरलेलं तेल भरलं. निपल आता वर आलं होतं. अप्पांनी पाना उचलला, क्षणभर हातात तोलला आणि वहिनीपुढे धरला. "चाकापाशी तुम्ही बसा. पाय मी देतो." आणि ते गाडीत जाऊन बसले. वहिनीने नळी लावली, बाटली माझ्या हातात दिली. तिची पद्धत निराळी होती. ती घाई करत नव्हती. मधूनमधून स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कॅलिपरवर टकटक करायची, कुठे चिकटून बसलेला बुडबुडा असेल तो सुटावा म्हणून. आणि खालच्या, ठाम आवाजात सांगायची, "दाबा. दाबा. दाबा. धरा." गाडीतून अप्पांचा आवाज यायचा, "धरलंय." पहिल्याच खेपेला बाटलीत केवढा मोठा बुडबुडा आला, माझ्या मुठीएवढा वाटला मला. "सोडा." अप्पा पाय सोडायचे. एकदा त्यांनी तिने सांगण्याआधीच सोडला तेव्हा ती तशीच बसल्या जागेवरून म्हणाली, "अप्पा, मी सांगितल्याबिगर सोडू नका." वर गॅलरीत काकांनी खोकून घेतलं. अप्पा म्हणाले, "बरं." माझे वडील कोणाला "बरं" म्हणाल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दीड तास ते सुनेच्या हुकमावर पाय दाबत होते आणि धरत होते, आणि मला ते त्याआधी कधीही दिसले नव्हते इतके मोठे दिसत होते. ती तर काय, हिरव्या लुगड्यावर तेलाचे डाग, कपाळावर घाम, गालाला काळं लागलेलं. मी बाटली धरून तिच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, मला हिच्यासारखं व्हायचंय.

मुहूर्त चुकला. आम्ही निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर एकदम मेंढ्यांचा कळप आडवा आला, आणि त्यांच्या मागे दरी. अप्पांनी ब्रेक दाबला. एकदाच. गाडी जागच्या जागी, सरळ, कुठेही न ओढता उभी राहिली. मेंढ्या सावकाश गेल्या. धनगराने आमच्याकडे पाहिलंही नाही. अप्पांनी आरशात पाहून विचारलं, "शालन, ठेचा आणलायस का ग? भूक लागली." तिने आणला होता. घाट संपल्यावर एका झाडाखाली गाडी थांबवून आम्ही सगळ्यांनी पोळीबरोबर तो खाल्ला. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते आणखी मागत होते.

खूप वर्षांनी मी वहिनीला विचारलं की रेघा दिसायच्या आधी तिला माझा संशय आला होता का. ती म्हणाली, "संशय कशाला? गुरुवारी तू जेवायला बसलीस तेव्हा नखांत चंदेरी रंग होता तुझ्या." मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. म्हणाली, "मला गाडी थांबवायची होती. तुला कशाला थांबवू?" तिचा मुलगा आता हिंजवडीला नोकरीला जातो आणि मला समजावतो, "आत्या, आता सगळं सेन्सरवर असतं, लाइट लागतो ना ऑटोमॅटिक." असेल. तोही बाहेरगावी निघताना आधी इंजिन चालू करतो आणि ब्रेकवर पाय दाबून बघतो, हे मी पाहिलं आहे. विचारलं तर म्हणतो, सवय.

ही सवय अप्पांनी लावली. त्या रविवारनंतर गाडी गावाबाहेर जायची असली की ते गाडीजवळ उभे राहून हाक मारायचे, "शालन, पाय ठेवून बघ." ती हातातलं काम टाकून यायची, चप्पल काढायची, पाय ठेवायची आणि "घट्ट आहे" म्हणायची. मगच बाकीचे बसायचे. पुढे अप्पांचं चालवणं सुटलं, ती पांढरी गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली, आणि चालवायला वहिनी बसू लागली. शेवटच्या दुखण्यात अप्पांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा दादाने आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं. त्यांना धाप लागली होती, आणि आम्हाला घाई झाली होती. दार उघडलं, तर ते काठी रोवून उभेच राहिले. दवाखाना दोन चौकांवर होता. मी म्हटलं, अप्पा, बसा ना. त्यांनी मान हलवली आणि वहिनीकडे पाहिलं. ती पुढे बसली, गाडी चालू केली, चप्पल काढली, ब्रेक दाबला आणि तसाच दाबून धरला.

"घट्ट आहे, अप्पा," ती म्हणाली.

"हं," अप्पा म्हणाले, आणि गाडीत बसले.